‘काळजी नाही’ ही नोंद रद्द करणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
‘सोबती’ रुग्णनोंदणी संकेतस्थळ कक्ष,
सोबती वाचा-उपचार केंद्र,
कल्याण (पश्चिम).

अर्जदार : सौ. लक्ष्मी काळुराम मढवी, रा. कोलशेत गाव, ठाणे (पश्चिम).
अर्ज लिहून देणार : श्रीमती सुमती वारंग, निवृत्त अव्वल कारकून, रा. अर्जदारांच्याच इमारतीत, खालचा मजला.

विषय : संकेतस्थळावरील चौकटीत नाइलाजाने दाबलेल्या बटणामुळे अर्जदारांच्या नावे झालेली ‘मला माझ्या पतीच्या तब्येतीची काळजी नाही’ ही नोंद रद्द करून पतीस त्यांच्याजवळच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) संकेतस्थळाचा संदेश, ‘धन्यवाद. आपली निवड नोंदवली आहे.’
२) अर्जदारांनी केंद्राच्या खिडकीवर वेळोवेळी केलेल्या तोंडी विनंत्या, ज्यांना आवक क्रमांक मिळालेला नाही.

महोदय किंवा महोदया,

आपले नाव संकेतस्थळावर शोधले असता ‘आधी सभासद व्हा’ अशी चौकट पुढे आली, त्यामुळे आपण कोण हे कळू शकले नाही. राग नसावा.

१. अर्जदारांचे म्हणणे त्यांच्या बोलीत लिहिले तर आपल्या कक्षात ते कोणी शेवटपर्यंत वाचणार नाही, आणि कचेरीच्या भाषेत लिहिले तर ते आपले म्हणणे आहे असे अर्जदारांना वाटणार नाही. लेखनिकेचे आयुष्य लोकांचे अर्ज स्वीकारण्यात आणि त्यांतले निम्मे परत पाठवण्यात गेले. त्या अनुभवावर तिने मधला मार्ग काढला आहे. लिहिलेला मजकूर अर्जदारांना वाचून दाखवला आहे. दोन ठिकाणी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले व एका ठिकाणी हसू आले. मजकुरात त्यामुळे बदल केलेला नाही.

२. अर्जदारांचे पती श्री. काळुराम मढवी हे कोलशेत, बाळकुम, ढोकाळी या पट्ट्यात आहेर पुकारणारे म्हणून ओळखले जातात. लग्नाच्या मांडवात माइक हातात घेऊन नवरीच्या मामाने काय आणले, आत्याने काय आणले हे ते अशा थाटात सांगत की देणाऱ्याची मान ताठ होई, आणि रिकाम्या हाताने आलेला पाहुणा गुपचूप उठून बाजाराकडे जाई. त्यांच्या वडिलांची पिढी मिठागरात राबली. पुढे जमिनीवर इमारती आल्या व कुटुंबास त्यांतल्याच एका इमारतीत घर मिळाले. परंतु काळुरामशेठना चारचौघांत मान होता तो त्यांच्या आवाजामुळे.

गेल्या श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता ते चालतात, जेवतात, माणसे ओळखतात. वाचा मात्र गेली. नेमके सांगायचे तर सगळे शब्द गेले आणि एकच राहिला, ‘हो’. भूक लागली का, हो. जेवण झाले का, हो. पाय दुखतो का, हो. दुखत नाही ना, त्यालाही हो. समज पुष्कळशी शाबूत आहे असे डॉक्टर सांगतात, पण मनात नकार असला तरी तोंडातून ‘हो’च बाहेर पडते. ते बाहेर पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःविषयीचा जो संताप येतो, तो अर्जदारांना बघवत नाही.

३. वाचेवरील उपचार लवकर सुरू झाले तर शब्द परत येण्याची आशा असते, उशीर झाला तर ती कमी होत जाते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यांनीच आपल्या केंद्राचे नाव सुचवले. तेथे चौकशी केली असता समजले की कागदी अर्ज घेणे बंद झाले आहे, नोंदणी जवळच्या नातेवाइकाने स्वतःच्या मोबाइलवरून ‘सोबती’ या संकेतस्थळावर करावी. अर्जदारांची कन्या दर्शना कल्याणजवळच्या मोहने गावी दिलेली आहे. तिने एका रविवारी येऊन आईच्या मोबाइलवर ते पान उघडून दिले, कुठे काय दाबायचे ते दाखवले आणि लेकराची परीक्षा असल्याने संध्याकाळी परत गेली. अर्जदारांना मराठी वाचता येते, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. वाचता येत नसते तर त्यांनी दिसेल ते बटण दाबले असते.

४. पान उघडताच एक चौकट आली. ती म्हणाली, आपली माहिती साठवू का. अर्जदारांनी परवानगी दिली. दुसरी म्हणाली, आपण कुठे आहात हे आम्हाला कळू द्या. अर्जदारांनी मोबाइल तोंडाजवळ नेऊन ‘कोलशेत’ असे सांगितले व मग बटण दाबले. तिसरी चौकट मात्र निराळी होती. तिच्यात लिहिले होते, ‘थांबा. पतीच्या उत्तम आरोग्यासाठी सोबती-परिवाराचे सभासद व्हा.’ खाली दोन बटणे. एक भले मोठे, हिरवे, ‘होय, मी सभासद होते.’ दुसरे त्याच्या खाली, राखाडी, बारीक अक्षरांत, ‘नको, मला माझ्या पतीच्या तब्येतीची काळजी नाही.’

चौकट बंद करण्याची फुली कोठेही नव्हती. मागे जावे तर सगळे पान बंद होऊन पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात होई.

५. येथे अर्जदारांच्या घरच्या रीतीविषयी लिहिणे भाग आहे, एरवी त्यांचे वागणे आपणास हट्टीपणाचे वाटेल. या घरात बाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. डब्यातले तांदूळ संपले असे कोणी बोलत नाही, तांदूळ भरायला झालेत असे बोलतात. ही रीत आपल्याही घरी असेल. अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, असे लेखनिकेलाही लहानपणी बजावलेले आहे. तेव्हा नवरा आजारी असताना, त्याच्या उशाशी बसून, त्याची आपल्याला काळजी नाही असे वाक्य स्वतःच्या बोटाने मंजूर करणे अर्जदारांना शक्य झाले नाही. दर्शना फोनवर म्हणाली, आई, मी येऊन दाबते. त्यालाही अर्जदारांनी नकार दिला, कारण वाक्य पतीविषयी होते आणि बापाविषयी लेकीकडून असले काही वदवून घेणे त्यांना अधिकच वाईट वाटले.

म्हणून त्यांनी ‘होय’ दाबले.

६. एका होकारामागून दुसरा प्रश्न येतो हे आपल्या कक्षास ठाऊक असेलच. सोबती-परिवाराच्या मागे त्याचे नातेवाईक उभे होते. एकाने केसांचे तेल पुढे केले व खाली पर्याय ठेवला, ‘नको, मला टक्कल चालेल.’ काळुरामशेठच्या डोक्यावर केस फार नाहीत, पण आहेत त्यांच्याविषयी असे म्हणणे अर्जदारांना प्रशस्त वाटले नाही. दुसऱ्याने परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन देऊ केले, ‘नको, माझ्या मुलांचे भविष्य मला महत्त्वाचे वाटत नाही.’ तिसऱ्याने पहाटे धावणाऱ्यांच्या मंडळात बोलावले, ‘नको, मला दीर्घायुष्य नको.’ अर्जदार प्रत्येक ठिकाणी ‘होय’ म्हणत गेल्या. आजमितीस त्या पोहण्याच्या तलावाच्या सभासद आहेत, कुत्रा न पाळता कुत्रा पाळणाऱ्यांच्या संघात आहेत, आणि रोज सकाळी त्यांना संदेश येतो की आज आपण धावला नाहीत, आम्ही निराश झालो आहोत. गुडघ्याला पट्टा बांधून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला हा संदेश वाचून अपराधी वाटते, हे लेखनिकेने स्वतः पाहिले आहे.

७. मग फोन सुरू झाले. अर्जदार स्वयंपाकघरात असल्या की फोन काळुरामशेठ उचलत. आपण मढवी बोलता का, हो. आपणास आमच्या योजनेत रस आहे का, हो. उद्या आमचा माणूस पाठवू का, हो. अशा रीतीने एका घरात दोन माणसे राहिली, एकाला नाही म्हणता येत नव्हते आणि दुसरीला नाही म्हणणे पाप वाटत होते. डोंबिवलीहून एक गृहस्थ पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेऊन आले. आपणच ‘होय’ म्हणून बोलावलेला माणूस, म्हणून अर्जदारांनी त्यांना चहा दिला, जेवायचा आग्रह केला. ते जेवलेही. पुढच्या आठवड्यात आपल्या साहेबांना घेऊन आले. दारावर घंटा वाजली की अर्जदार दचकू लागल्या, आणि भाजीला बाहेर पडायचे तरी जिन्यात कोणी उभे आहे का हे आधी वाकून पाहू लागल्या. स्वतःच्या घरात त्या अशा कोंडल्या गेल्या. इतके करून नोंदणीचे पान उघडले नाहीच. सभासदत्व पक्के करण्यासाठी ई-मेल हवा होता, आणि ई-मेल काढायला गेले की तिथली चौकट दुसरा मोबाइल नंबर मागत होती.

८. अखेर संदेश आला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आपल्या पतीसाठी राखून ठेवलेली जागा आज सायंकाळी दुसऱ्या रुग्णास देण्यात येईल. अर्जदार मोबाइल घेऊन लेखनिकेकडे आल्या. लेखनिकेने चष्मा लावून सर्व चौकटी पाहिल्या व सल्ला दिला की राखाडी बटणाखेरीज आत जाण्यास वाट नाही, कचेरीत असल्या वाक्यांना काही अर्थ नसतो, ती कोणी वाचत नाही, डोळे मिटून दाबून टाकावे. हा सल्ला देणारी लेखनिकाच होती आणि पुढील प्रकारास तीही जबाबदार आहे, हे येथे नमूद करण्यात येत आहे. त्यावर अर्जदार म्हणाल्या, “त्यांची कालजी नाय आसा मी कसा लिवून देऊ? माज्यानी नाय व्हनार.”

मग दोघी वर गेल्या. अर्जदारांनी पतीला ते वाक्य वाचून दाखवले आणि विचारले, “आवो, दाबू काय?” ते म्हणाले, “हो.” अर्जदारांनी विचारले, “का नको दाबू?” ते म्हणाले, “हो.” अर्जदार मोबाइल मांडीवर ठेवून बसून राहिल्या. तेव्हा काळुरामशेठनी आपल्या चांगल्या हाताने बायकोचे बोट धरले, ते राखाडी बटणावर नेले आणि वरून दाबले. लेखनिका याची साक्षीदार आहे. नोंदणी लगेच झाली. अर्जदारांनी मीठ-मिरच्या घेऊन आधी पतीची दृष्ट काढली आणि मग मोबाइलची.

९. कल्याणच्या केंद्रात पहिल्या दिवशी खिडकीवर रचना नावाच्या ताई होत्या. त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही, त्या सौजन्याने बोलतात. त्यांनी संगणकावर पाहून सांगितले की आपल्या निवेदनानुसार रुग्ण ‘नातेवाईक असून आधार नसलेले’ या वर्गात आहेत, त्यांच्यासाठी एक स्वयंसेवक नेमला आहे, आणि या वर्गातील रुग्णांच्या नातेवाइकांना उपचारकक्षात घेता येत नाही. अर्जदार म्हणाल्या की ते वाक्य खोटे आहे. रचनाताई म्हणाल्या की खात्री करणे त्यांचे कामच आहे, आणि त्यांनी प्रत्यक्ष रुग्णास विचारले, घरी तुमच्याकडे लक्ष देणारे कोणी नाही, बरोबर ना. काळुरामशेठ म्हणाले, हो. त्यांनी लागलीच मान जोरजोराने हलवली, टेबलावर हात आपटला, आणि पुन्हा म्हणाले, हो. रचनाताईंनी ‘रुग्ण व्यथित’ असा शेरा टाकला.

लेखनिकेने उभ्या हयातीत कितीतरी शेरे मारले. आपल्या शेऱ्याखाली कोणाचे काय चिरडले जाते हे बघायला ती कधी खिडकीबाहेर आली नव्हती.

१०. तेव्हापासून अर्जदार पतीला कोलशेतहून कल्याणला आणतात, दारात स्वयंसेवकाच्या हवाली करतात आणि जिन्याखालच्या बाकावर बसतात. स्वयंसेवक साकेत हा भला मुलगा आहे. तो चित्रे दाखवून आंबा, घर, छत्री असे शब्द म्हणवून घेऊ पाहतो. पण काळुरामशेठ चित्राकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. उपचार करणाऱ्या बाईंचे म्हणणे आहे की रुग्णाला रोजच्या माणसाबरोबर, घरच्या शब्दांनी सराव करायला हवा, आणि अशा रुग्णाला घरचे माणूस नाही ही मोठी उणीव आहे. ते घरचे माणूस भिंतीपलीकडे डबा मांडीवर घेऊन बसलेले असते.

११. नोंद दुरुस्त करण्याची सोय संकेतस्थळावर आहे असे खिडकीवर सांगण्यात आले. ते पान उघडले असता चौकट आली, ‘आपणास पुन्हा पाहून आनंद झाला.’ हिरवे बटण सभासदत्वाकडे नेत होते, जिथून आजवर कोणी परत आलेले नाही. राखाडी बटणावर तेच वाक्य होते. म्हणजे, मला पतीची काळजी आहे असे कळवण्यासाठी अर्जदारांना आधी, ती नाही, असे दुसऱ्यांदा सांगावे लागणार होते. लेखनिकेने मदतवाहिनीला फोन लावला. यंत्राचा आवाज म्हणाला की कृपया ‘हो’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट बोला. शेजारी काळुरामशेठ बसले होते. आपली तक्रार दूर झाली आहे का, असे यंत्राने विचारले, आणि लेखनिकेने तोंड उघडण्याआधी खणखणीत ‘हो’ गेले. यंत्राने आभार मानून तक्रार निकाली काढली. मजकूर ऐकताना अर्जदार हसल्या ते याच ठिकाणी; त्या दिवशीही त्या हसल्या होत्या. काळुरामशेठही हसले. श्रावणानंतर त्या घरात प्रथमच कोणी हसले असावे.

१२. ते हसू दोन दिवसही टिकले नाही. अर्जदारांच्या मोबाइलवर कळवण्यात आले आहे की येत्या सोमवारपासून श्री. काळुराम मढवी यांना केंद्राच्या निवासी कक्षात हलवण्यात येईल, आधार नसलेल्या रुग्णांसाठी ही सोय आहे, निवासी कक्षात ‘काळजी नाही’ असे निवेदन दिलेल्या नातेवाइकांना भेटता येणार नाही, आणि रुग्णाची तोंडी संमती मिळाली आहे. संमती कशी मिळाली हे साकेतकडे विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की त्याने विचारले, काका, इथेच राहाल ना, आणि काका हो म्हणाले. तो म्हणाला, “मावशी, ते हो म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आनंद झालाय.”

अर्जदारांनी हे ऐकून घेतले व साकेतला डब्यातली भाकरी खायला दिली, कारण तो सकाळपासून उपाशी होता. रात्री मात्र त्या लेखनिकेला म्हणाल्या की इतकी वर्षे तोंडातून वाईट शब्द काढला नाही, एकदाच बोट लागले आणि माझा माणूस माझ्या हातातून चालला.

१३. सबब प्रार्थना अशी की,

संकेतस्थळावरील चौकटींत नकारासाठी साधे ‘नको’ एवढेच लिहावे. त्याच्यापुढे माणसाच्या घरातले, काळजातले काही जोडू नये. ज्याला तेल नको त्याला तेल नको एवढेच असते.

अर्जदारांच्या नावावरील ‘काळजी नाही’ ही नोंद रद्द करावी आणि सोमवारचे हलवणे थांबवावे. त्यासाठी पुरावा मागितला जाईल हे लेखनिका जाणते, आणि काळजीचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही हेही जाणते. तरी एक मार्ग सुचवण्यात येत आहे. आजवर आपल्या केंद्रात काळुरामशेठना जे प्रश्न विचारण्यात आले, त्यांचे खरे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते त्यांच्याजवळ नाही. आपण कृपा करून खिडकीबाहेर यावे, जिन्याखालच्या बाकापाशी त्यांना उभे करावे, आणि स्वतः विचारावे की ही तुमची बायको का, हिच्याबरोबर घरी जायचे का. उत्तर जे येईल ते आपल्या संगणकात नोंदवून घ्यावे.

आपल्या पायरीवर बसलेली,

सही : लक्ष्मी काळुराम मढवी
लिहून दिले व वाचून दाखवले : सुमती वारंग

ठिकाण : कल्याण (पश्चिम)
दिनांक : ५ डिसेंबर २०२५

सोबत :
१) ‘निवड नोंदवली आहे’ हा संदेश व सोमवारी हलवण्याविषयीचा संदेश, यांची छायाप्रत.
२) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
३) श्री. काळुराम मढवी, समक्ष.